आधी पाणी, मग निखारा

नवस फेडायला निघालेले कुटुंब टेम्पोतून नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पिराच्या ठिकाणी किंवा गावदेवाच्या माळावर उतरते. झाडाची सावली बघून चूल मांडली जाते, ट्रॉलीचा फाळका खाली पाडून त्यावर कांदे-कोथिंबीर चिरली जाते, आणि दुपार कलायच्या आत शे-दीडशे माणसांची पंगत बसते. मराठवाड्यात याला कंदुरी म्हणतात. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याआधी मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये अशीच माणसे जमतात. गाडीचा फाळका पाडायचा, शेजारी लोखंडी जाळी पेटवायची, आणि सामना सुरू होईपर्यंत खात-खिलवत बसायचे, हा तिथला रिवाज. त्या जाळीवरचा मानाचा पदार्थ म्हणजे डुकराच्या बरगड्या. आपल्याकडे बोकडाच्या बरगड्या, म्हणजे खाटकाच्या भाषेतले चाप, बाकीच्या मटणाबरोबर पातेल्यात जातात आणि रश्शात शिजतात. उघडी जागा तीच, जमाव तोच, विस्तव तोच. तरी एकीकडे जाळी आणि दुसरीकडे पातेले. धाराशिवच्या शेतातल्या पार्ट्यांमध्ये आता बार्बेक्यूच्या जाळ्या दिसू लागल्या आहेत आणि त्यांवर कच्चे चाप थेट ठेवले जातात. बहुतेक वेळा ते बाहेरून करपतात आणि आतून चिवट राहतात. दोष मांस विकणाऱ्याचा नाही आणि भाजणाऱ्याच्या हाताचाही नाही. बरगडीला जे लागते ते जाळी देऊ शकत नाही आणि पातेले देते. ज्यांना निखाऱ्याची चव हवी आहे त्यांनीही आधी पाण्याकडे आणि नंतर निखाऱ्याकडे जावे, असे माझे ठाम मत आहे, आणि अमेरिकन पद्धत नीट तपासली तर तीही याच मताला दुजोरा देते.

बरगडीपासून सुरुवात करू. बोकडाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. जनावर जिवंत असेपर्यंत हा सगळा पिंजरा प्रत्येक श्वासाला हलतो. सतत राबणाऱ्या या स्नायूंना धरून ठेवायला निसर्गाने भरपूर संयोजी ऊती दिलेल्या असतात: पांढरे पापुद्रे, हाडाला चिकटलेले पडदे, टोकाची कूर्चा. त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. कच्चे कोलॅजन दाताला दोरीसारखे लागते. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ते आकसू लागते आणि आकसताना स्नायूंतले पाणी पिळून बाहेर काढते. त्यामुळे या टप्प्यावर मांस कच्च्याहून अधिक चिवट लागते. त्यापुढे ७० अंशांच्या वर, आणि पुरेसा वेळ मिळाला तरच, कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते. बोटे एकमेकांना चिकटवणारा जो गुळगुळीतपणा चांगल्या रश्शात असतो तो याचाच. म्हणजे बरगडी मऊ व्हायला दोन गोष्टी एकत्र लागतात, वेळ आणि ओल. नुसती उष्णता वाढवून वेळ वाचवता येत नाही, कारण कोलॅजन विरघळायच्या आत बाहेरचा थर कोळसा होतो.

अमेरिकेतले अनुभवी लोक हे जाणतात, म्हणून ते बरगड्या जळत्या कोळशावर ठेवत नाहीत. झाकणाच्या भट्टीत हवा ११० अंशांच्या आसपास ठेवून पाच-सहा तास धुरात शिजवतात. मांस सुरक्षित होण्याची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी ओलांडलेली असते. डुकराच्या अखंड तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती एवढेच पुरेसे ठरवले आहे. तरीही बरगडी ९० अंशांच्या पुढे नेली जाते, ती केवळ कोलॅजनसाठी. या प्रवासात एक अडचण येते. मांस ६५-७० अंशांच्या आसपास पोचले की तासन्‌तास तापमान वर सरकतच नाही. पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने भट्टीतले मांस तापायचे थांबते. यावर तिथल्या लोकांनी काढलेला तोडगा ‘तीन-दोन-एक’ या नावाने प्रसिद्ध आहे: तीन तास धुरात, दोन तास ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून, शेवटचा एक तास पुन्हा उघडे ठेवून वरून सॉस लावत. मधल्या दोन तासांत काय होते ते पाहा. कागदाच्या आत थोडा फळांचा रस किंवा पाणी घालतात, वाफ कोंडते आणि बरगडी स्वतःच्या रसात शिजते. ज्या पदार्थाला जग भाजलेला म्हणून ओळखते त्याचा निर्णायक टप्पा वाफेचा आहे. धूर आणि सॉस चव देतात, पण मांस हाडापासून सुटते ते त्या बंद पुडीमुळे.

हा तोडगा डुकराला जितका चालतो तितका आपल्या बोकडाला चालत नाही, आणि त्याचे कारण जनावराच्या शरीरात आहे. धाराशिव जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले तरी इथल्या शेळीला जग अजून उस्मानाबादी म्हणूनच ओळखते. बहुतेक काळी, उंच, दुष्काळी माळावर बाभळीच्या शेंगा आणि झुडपांचा पाला खाऊन वाढणारी, वरचेवर जुळी देणारी ही जात मांसासाठी नावाजलेली आहे. दिवसभर चालून चरणाऱ्या या शेळीच्या अंगात चरबी असते, पण ती मुख्यतः पोटात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडाभोवती साठते; स्नायूंच्या धाग्यांमध्ये फार थोडी उतरते. कच्च्या डुकराच्या बरगड्यांमध्ये १०० ग्रॅममागे २३ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. शेळीच्या मांसात ती जेमतेम दोन-तीन ग्रॅम असते. चापावर आणि सीन्यावर बाकीच्या अंगापेक्षा थोडी जास्त चरबी मिळते हे खरे, तरी अंतर फार मोठे राहते. डुकराची चरबी सहा तास वितळत राहते आणि मांसाला कोरडे पडू देत नाही. बोकडाच्या चापाला असे आतले संरक्षण नाही. त्याला तेवढाच वेळ कोरड्या हवेत ठेवले तर कोलॅजन विरघळेल, पण स्नायूंचा भुसा झालेला असेल.

त्यात कंदुरीचे वेळापत्रक भर घालते. बोकड सकाळी कापला जातो आणि दुपारी ताटात येतो. जनावर मेल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. हा ताठरपणा हळूहळू ओसरतो आणि थंड ठिकाणी मांस दिवसभर किंवा जास्त ठेवले तर त्यातली विकरे धागे सैल करतात. अमेरिकेतल्या दुकानातली बरगडी हा सगळा प्रवास शीतगृहात करून आलेली असते. माळावरच्या मांसाला ती विश्रांती मिळत नाही आणि मिळूही नये, कारण चैत्र-वैशाखाच्या उन्हात कच्चे मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. ताठरलेल्या अवस्थेत विस्तवावर गेलेले मांस सर्वांत चिवट असते. अशा मांसाला भरपूर पाणी आणि मंद आच यांच्याखेरीज दुसरा उपाय नाही. जुन्या स्वयंपाक्यांनी ही रसायने कुठे शिकलेली नव्हती. त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांचे चुकलेले आणि जमलेले हंडे होते, आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष अचूक आहे.

आता जमावाचा हिशेब. तीस किलोचा बोकड घेतला तर जिवंत वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेतेरा किलो मटण हाती येते. त्यात बरगड्या सव्वीस. सव्वाशे माणसांना बोलावले असेल तर पाच माणसांत एक बरगडी. अमेरिकेतला जाळीवाला १३० किलोच्या डुकराच्या फक्त बरगड्या विकत आणू शकतो, कारण त्या डुकराचे बाकीचे अंग कारखान्यातून दुसऱ्या कुणाकडे गेलेले असते. कंदुरीत अख्खे जनावर एका कुटुंबाने दिलेले असते आणि ते सगळे त्याच पंगतीत संपायचे असते. जाळीवर भाजले तर कुणाला चाप, कुणाला रानाचा मऊ तुकडा, कुणाला नुसते हाड, असा भेद उघड होतो. पातेल्यात नळीतला मगज, सीन्याची चरबी, चापाचे जिलेटिन हे सगळे रश्शात उतरते आणि रस्सा प्रत्येकाच्या भाकरीवर सारखाच पडतो. ज्याच्या वाट्याला दोनच फोडी आल्या त्यालाही बोकडाची पूर्ण चव मिळते. शंभर ग्रॅम मटणात एका माणसाचे पोट भरवणारा रस्सा ही टंचाईच्या प्रदेशातली फार मोठी कमाई आहे, आणि तिला केवळ गरिबीची तडजोड म्हणणे मला पटत नाही.

मग डुक्कर का नाही, असे कुणी विचारेल. जिल्ह्यात डुकरे पाळणारे आणि खाणारे समाज आहेत, त्यात वडार आणि कैकाडी समाजांचा उल्लेख नेहमी होतो. पण गावजेवणाचे मांस तेच होऊ शकते जे जास्तीत जास्त लोक एकत्र बसून खातील. बोकड ही अट पुरी करतो. गावगाड्यात मुलाणी हा जुना मानकरी. बोकड कापायला हिंदू घरातही त्याला बोलावण्याची चाल होती, आणि मग ते मांस हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत चालत असे. धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याला हिंदू भाविक जातात, आणि पिराला बोललेल्या कंदुरीच्या पंगतीत सगळे गाव येते. पंगतीत कोण बसणार हे आधी ठरते, जनावर त्यानंतर. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हेच गणित उलट लागते. तिथे सणाला डुक्कर येते, आणि त्यांनीही विंदालू-सोरपोतेलात व्हिनेगर घालून मंद आचेवर शिजवण्याचीच वाट धरली आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप चवीचा आहे. पाण्यात शिजवलेले मांस ९८ अंशांच्या वर जात नाही (समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असलेल्या बालाघाटाच्या पठारावर पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते), आणि भाजण्याची खमंग चव निर्माण करणाऱ्या प्रक्रिया १४० अंशांच्या पुढे जोर धरतात. म्हणजे पातेल्यातले मटण मऊ होईल, पण खमंग होणार नाही, असे आक्षेप घेणारा म्हणतो. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. मात्र मराठवाड्याच्या स्वयंपाकाने खमंगपणाची जबाबदारी मांसावर टाकलेलीच नाही, ती वाटणावर टाकली आहे. कांदे सालीसकट निखाऱ्यात घालून काळे होईपर्यंत भाजतात. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून पेटवतात. काळ्या मसाल्यातले धणे, दगडफूल, लवंगा, मिरच्या तेलात जवळजवळ करपण्याच्या सीमेपर्यंत तळल्या जातात, आणि येसूर घालणाऱ्या घरांत धान्ये-डाळीही खरपूस भाजून दळतात. विस्तवाची चव या वाटेने पातेल्यात शिरते. मांसाला फक्त मऊ व्हायचे असते. ही कामाची विभागणी मला जाळीपेक्षाही शहाणी वाटते, कारण कांदा करपला तर दुसरा भाजता येतो, पण सव्वीसच बरगड्यांतली एक करपली तर ती गेली.

इथल्या लोकांना निखारा हाताळता येत नाही म्हणून ते पातेल्याकडे वळले, हा समजही टिकत नाही. ज्या जिल्ह्यात हिवाळा आला की शेतात आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ज्वारीची कणसे भाजतात, त्याला निखाऱ्याचे ज्ञान बाहेरून आणावे लागत नाही. हुरड्याचा दाणा दुधाळ, ओलसर आणि इवलासा असतो. दोन-चार मिनिटांत शिजतो, त्याला मऊ करायला कोलॅजन नसते. तो निखाऱ्याचाच पदार्थ आहे. ताज्या बोकडाची कलेजीही कुठे कुठे मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात, कारण कलेजीत संयोजी ऊती अगदी थोड्या. मुंडी आणि पाय विस्तवावर धरतात ते केस जाळण्यासाठी, आणि मग ते तासन्‌तास उकळतात. जे पटकन होते ते निखाऱ्यावर आणि जे वेळ मागते ते पाण्यात, ही निवड इतकी पक्की आहे की ती कुणाला शिकवावी लागलेली नाही.

हैदराबादचा दाखला हमखास दिला जातो. हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या वेळच्या हैदराबादेत कबाब होते, तापलेल्या ग्रॅनाइटवर भाजलेले ‘पत्थर का गोश्त’ आहे, मग बोकड भाजता येत नाही असे कसे म्हणता? भाजता येतो. पण त्या पदार्थांची रचना पाहिली तर तो माझ्याच बाजूचा पुरावा ठरतो. पत्थर का गोश्तसाठी मांस हाडावरून काढून पातळ चपटे करतात आणि कच्च्या पपईत मुरवतात; पपईतले पपेन हे विकर धागे आधीच तोडून ठेवते. सीख कबाबात खिमा करून संयोजी ऊती सुरीने तोडलेल्या असतात. कोलॅजनचा प्रश्न विस्तवावर जाण्याआधीच सोडवलेला असतो. बरगडीचा खिमा करता येत नाही, आणि पपईचे विकर हाडालगतच्या पडद्यात खोल शिरत नाही. वेळ जास्त झाला तर वरचे मांस पिठूळ होते आणि आतला पापुद्रा तसाच राहतो. एक अपवाद मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. चार-पाच महिन्यांच्या करडाचे कोलॅजन कोवळे असते, त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेले नसतात, आणि त्याचे चाप मध्यम निखाऱ्यावर थेट भाजले तरी चांगले लागतात. पण मोठ्या पंगतीला करडू पुरत नाही, आणि शेळीपाळाच्या दृष्टीने वाढीच्या वयातले जनावर कापणे तोट्याचे असते.

ज्यांना पंगत नाही, दहा-पंधरा माणसांची शेतातली बैठक आहे आणि जाळीचीच हौस आहे, त्यांनी काय करावे? खाटकाकडून दोन-तीन बोकडांचे चाप घ्यावेत आणि सुटे न करता चार-पाच बरगड्यांच्या पट्ट्या ठेवायला सांगावे. सुटी बरगडी जाळीवर फार लवकर वाळते. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलून कापडाने ओढून काढावा, तो शिजत नाही आणि मसाला आत जाऊ देत नाही. मग हळद, मीठ, आले-लसूण लावून पट्ट्या बुडतील एवढ्या पाण्यात झाकण ठेवून मंद शिजवाव्यात. खळखळ उकळी नको. पाणी नुसते थरथरत राहिले पाहिजे. मोठ्या बोकडाला तास-सव्वा तास लागतो. मांस हाडाच्या टोकापासून आकसून बोटाच्या पेरभर वर सरकले आणि पट्टी मधे धरून उचलल्यावर वाकली, की थांबावे. त्यापुढे गेले तर जाळीवर मांस गळून पडते. कुकरने हे काम निम्म्या वेळात होते, कारण कोंडलेल्या वाफेत तापमान १२० अंशांपर्यंत जाते, पण तिथे एका शिट्टीचा फरक महागात पडतो आणि आत डोकावून बघायची सोय नसते. पट्ट्या निथळून, पुसून, वाऱ्यावर कोरड्या कराव्यात, नाहीतर निखाऱ्याची पहिली पाच मिनिटे पाणी उडवण्यातच जातात. मग तेलात कालवलेला काळा मसाला चोळून दहा-बारा मिनिटे उलटसुलट भाजाव्यात. चिंच-गुळाचा लेप लावायचा असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, कारण गूळ मांसाच्या कितीतरी आधी जळतो. घरी शिजवून शेतावर नेण्याचा मोह होतो. तेव्हा पट्ट्या बर्फाच्या पेटीत न्याव्यात. कोमट डब्यात दोन-तीन तास फिरलेले मटण वरून भाजले तरी सुरक्षित होईलच असे नाही, कारण काही जिवाणूंनी सोडलेली विषे उष्णतेला दाद देत नाहीत.

सरपणही दोन टप्प्यांसाठी वेगळे लागते. तुराट्या आणि पळाट्या भडकन पेटतात, मोठी ज्योत देतात आणि राख होतात. पातेल्याला पहिली उकळी आणायला त्या उत्तम, जाळीला निरुपयोगी. जाळीसाठी बाभूळ घ्यावी. तिचे लाकूड जड आणि घट्ट, निखारा टिकाऊ. ज्योत पूर्ण विझून निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच जाळी वीतभर उंचीवर ठेवावी. चरबी ठिबकून ज्योत उठली तर पट्टी बाजूला घ्यावी, पाणी शिंपडू नये, कारण राख उडून मांसावर बसते. रंगवलेली फळी किंवा प्लायवूड जाळू नये. जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची असावी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि पेटत्या निखाऱ्यालगत तेवढी उष्णता सहज होते. आणि चाप शिजवलेले अळणी पाणी कुणी ओतून देऊ नये. त्यात त्या सगळ्या बरगड्यांचे जिलेटिन आहे. भाजणे चालू असताना त्यालाच काळ्या वाटणाची फोडणी दिली, की जाळीवरच्या चापांबरोबर भाकरी चुरायला रस्सा तयार होतो.